पानावरचे पाहुणे

(वसई येथे वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आम्हाला दिलेला विषय असा : पुस्तकातून जगप्रवास. विषय गोड आहे, आणि गोड विषयाचा धोका हा की वक्ता त्यावर आणखी साखर पेरत बसतो. पुस्तक म्हणजे खिडकी, पुस्तक म्हणजे पंख, पुस्तक म्हणजे बिनतिकिटाचं विमान, असं म्हणत तासभर सहज काढता येतो. टाळ्याही मिळतात. पण आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे शिऱ्यातसुद्धा खडा शोधायची खोड लागली आहे. ती आज तुम्हाला सोसावी लागेल.

आधी आनंदाचं बोलू, कारण तो खोटा नाही. नोकरीच्या पस्तीस वर्षांत आम्ही रोज वसई रोड ते चर्चगेट जात होतो. अंतर सुमारे ५२ किलोमीटर. जाताना उभं राहायला मिळालं तर नशीब, येताना चौथ्या सीटवर अर्धं टेकायला मिळालं तर दिवाळी. पण त्या गर्दीत, एक हात वरच्या कडीला आणि एका हातात पुस्तक, असं आम्ही निम्मं जग पाहिलं. पु. ल. देशपांड्यांचं 'पूर्वरंग' वाचत असताना गाडी नायगाव सोडून खाडीच्या पुलावर यायची. खाली भरतीचं पाणी, पुढे भाईंदरची मिठागरं, आणि डोळ्यांपुढे बाली. कुठलं पाणी कुठल्या पानावरचं, ते क्षणभर कळायचं नाही. बोरिवलीला गर्दीचा लोंढा आत आला की पुस्तक मिटायचं. जग बंद. संध्याकाळी दादर सुटलं की पुन्हा उघडायचं.

हे सुख तुमच्यापैकी पुष्कळांनी भोगलं आहे. आता ऑनलाइन ऐकणाऱ्यांत मोबाईलवर वाचणारे असतील, त्यांचंही तसंच. पासपोर्ट नाही, पैसे नाहीत, घरात आजारी माणूस आहे, गुडघे दुखतात, अशा प्रत्येकाला पुस्तकाने घराबाहेर नेलं आहे. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते, तेव्हा त्यांचंही फिरणं ग्रंथांतूनच चालू होतं. शाळेत आपण पाठ केलेल्या त्या जुन्या आर्येतही शहाणपण येण्याचे मार्ग सांगताना देशाटनाबरोबर ग्रंथ पाहण्याचं नाव घेतलेलं आहे. म्हणजे आपल्या परंपरेने दोन्ही वाटा एका रांगेत ठेवल्या.

तर मग खडा कुठे आहे? तो सांगायला आम्हाला लांब जावं लागत नाही. नालासोपाऱ्यापर्यंत गेलं की पुरे.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला, आणि त्याच सुमारास त्यांना गावात अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो आठव्या लेखाचा. पुढे १९५६ साली आपल्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. सोपाऱ्याच्या तुकड्यावर शब्द थोडेच उरले आहेत. पण लेख पूर्ण काय होता ते गिरनार आणि कालसी इथल्या शिळांवरून कळतं. आता गंमत पाहा. अशोकाने कोरवलेल्या चौदा लेखांपैकी नेमका प्रवासावरचा लेख आपल्या मातीत निघाला!

त्यात राजा सांगतो ते थोडक्यात असं. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. शिकार करत, मौज करत. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर हा राजा बोधगयेला गेला आणि तिथून त्याच्या धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रेत करायचं काय? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटायचं, दान द्यायचं. जनपदातल्या, म्हणजे खेड्यापाड्यातल्या माणसांना भेटायचं, त्यांच्याशी धर्माविषयी बोलायचं, विचारपूस करायची. आणि शेवटी राजा म्हणतो की या दुसऱ्या यात्रेत आनंद जास्त आहे.

हे शेवटचं आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. मौज वाईट असं तो म्हणत नाही. भेटीत मौजेपेक्षा जास्त आनंद आहे, असं म्हणतो. कर्तव्याची गोष्ट नव्हे ही, सुखाची तुलना आहे.

आमचं आजचं म्हणणं यातूनच निघतं. पुस्तकातून होणारा प्रवासही दोन प्रकारचा असतो. एक विहार, एक भेट. विहारात देश दिसतो. भेटीत माणूस बोलतो. म्हणून कुठलंही प्रवासाचं पुस्तक हातात घेतलं की आम्ही तीन प्रश्न विचारतो. यात लेखक कुणाला भेटतो का? भेटलेला माणूस बोलतो का, की नुसता दिसतो? आणि त्याच्या बोलण्याने लेखकाचं, आणि लेखकाच्या खांद्यावर बसलेल्या आपलं, काही हलतं का?

हे प्रश्न आम्हाला उशिरा सुचले. कसे सुचले, ते सांगतो. त्यात आमची एक चूक कबूल करायची आहे.

इमॅन्युएल कान्ट हा थोर जर्मन तत्त्वज्ञ. जन्म १७२४, मृत्यू १८०४, दोन्ही कोनिग्सबर्ग या एकाच शहरात. आपला प्रदेश सोडून तो कधी लांब गेला नाही. तरी चाळीस वर्षं तो विद्यापीठात प्राकृतिक भूगोल शिकवत होता, प्रवासवर्णनं वाचून. त्याच्या एका चरित्रकाराने गोष्ट दिली आहे. एकदा कान्टने लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं वर्णन इतकं बारीक केलं की ऐकणाऱ्या इंग्रज माणसाने विचारलं, आपण लंडनला किती वर्षं होता, आणि आपण स्थापत्यकार आहात का? वर्गात ही गोष्ट आम्ही दरवर्षी सांगत असू. मुलं हसत, आम्ही म्हणत असू, बघा, वाचनाची ताकद!

आणि दरवर्षी आम्ही ती अर्धीच सांगितली.

उरलेली अर्धी अशी. त्याच भूगोलाच्या व्याख्यानांत कान्टने माणसांचीही उतरंड लावली. गोरे सर्वांत वर. आपण हिंदी लोक त्यांच्या खाली, बेताच्या बुद्धीचे. आफ्रिकेचे लोक त्याहून खाली, अमेरिकेचे मूळ रहिवासी तळाला. हे त्याने पाहिलं नव्हतं, वाचलं होतं. पुलाचे दगड ज्या वाचनाने बरोबर आले, त्याच वाचनाने माणसं चुकली. का? पुलाला मत नसतं, तो उलट बोलत नाही. माणूस बोलतो. पण कान्टच्या पानावरच्या माणसाला बोलायची सोय नव्हती.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, ''सर, कान्टकडे जेवायला पाहुणे यायचे असं तुम्ही म्हणालात. यांच्यापैकी कुणी कधी आलं होतं का?'' आम्ही तेव्हा काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. वर्गात वेळ मारून नेणं फार सोपं असतं. पण तो प्रश्न आमच्याबरोबर गाडीत बसला आणि वसईला उतरला.

कान्टवर अन्याय करू नये. १७९५ साली 'शाश्वत शांतते'वरच्या निबंधात त्याने युरोपातल्या सत्तांना खडसावलं. तुम्ही परक्या देशाला भेट देता म्हणजे तो जिंकायलाच जाता, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. परक्या भूमीवर माणसाला हक्क आहे तो पाहुण्याचा, मालकाचा नव्हे. म्हातारपणी त्याला ते उमगलं. आम्ही वाचनाला हेच लावतो. वाचकही परक्या मुलखात शिरतो. तो पाहुणा होऊन शिरतो की मालक होऊन, एवढाच प्रश्न. पाहुणा विचारतो, ऐकतो, चप्पल कुठे काढायची ते बघतो. मालक आल्या-आल्या भाव करतो.

आता ही फूटपट्टी आपल्या मराठी पुस्तकांना लावून पाहू. नाव घेऊन बोलल्याशिवाय समीक्षा होत नाही, नुसता गोडवा होतो.

पहिलं अर्थातच विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेण तालुक्यातल्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरी कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झांशीला वेढा पडला तेव्हा तो आत होता. शहर पडल्यावरची लूट त्याने पाहिली. आधी सोनंचांदी, मग भांडीकुंडी आणि कापडचोपड, अशी पद्धतशीर. हिंडण्याची हौस म्हणून हा माणूस निघालेला नाही. त्याला भूक आहे, भीती आहे, कमावलेलं गमवायची धास्ती आहे. म्हणून त्याला कुणाचाही मालक होता येत नाही. धर्मशाळेत, घाटावर, वाटेवर जो भेटेल त्याचं त्याला ऐकावंच लागतं, कारण पुढचा रस्ता सुरक्षित आहे का हे त्या माणसालाच ठाऊक. आमच्या तिन्ही प्रश्नांना हे पुस्तक उतरतं, आणि ते लेखनकौशल्यामुळे नव्हे, लेखकाच्या गरजेमुळे. शेवटी काय मिळवून आणतो? गंगेची कावड. तिच्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतो.

पण इथेही एक खडा आहे. गोडसे भटजींनी हे लिहिलं ते चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून, आणि वैद्यांनी लेखकाच्या पश्चात १९०७ साली ते छापलं. छापताना भाषा आपल्या हाताने नीटनेटकी केली, मजकुरात बदल केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढलं. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं मराठी वाचक भटजींबरोबर चालतोय असं समजत होता, आणि वाट मात्र संपादकाने झाडून ठेवलेली होती. दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून वाचा. वैद्यांची सरळ वाचून होते. मूळ वाचताना ठेच लागते, वाक्यं लांबतात, थांबावं लागतं. आमच्या मते खरा प्रवास ठेच लागते तिथे आहे.

दुसरं पुस्तक पंडिता रमाबाईंचं. त्या १८८६ साली अमेरिकेत गेल्या, जवळजवळ तीन वर्षं राहिल्या, आणि १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध केलं. नावातला क्रम पाहा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. आधी ते लोक, मग मी. नाव ठेवतानाच बाईंनी अर्धी समीक्षा करून ठेवली. त्या गेल्या होत्या एक प्रश्न घेऊन : बाईमाणसाला आपल्या पायावर उभं राहता येईल अशी व्यवस्था एखादा समाज कशी उभी करतो? म्हणून शाळा, संस्था, स्त्रियांच्या संघटना यांचा त्या कसून तपास करतात. कौतुक मोकळ्या मनाने करतात, पण भारावून जात नाहीत. त्याच देशात काळ्या माणसांना आणि मूळ रहिवाशांना कसं वागवलं जातं, तेही त्यांनी आपल्या मराठी वाचकापासून लपवलं नाही. ज्या काळात युरोप-अमेरिकेचे लोक आपल्याकडे येऊन आपल्यावर पुस्तकं लिहीत होते, त्या काळात एका मराठी लिहिणाऱ्या विधवेने नजर उलटी फिरवली. पानावरचा माणूस उठून लेखक झाला, तो हा असा.

आणि जिला जाता आलं नाही तिचं काय? त्याच सुमारास काशीबाई कानिटकरांनी डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. काशीबाई अमेरिकेला गेल्या नव्हत्या. त्यांच्यापुढे होती आनंदीबाईंची पत्रं. त्या पत्रांतून त्यांनी फिलाडेल्फिया उभं केलं, तिथली थंडी, एकटेपणा, अभ्यास उभा केला. कान्टसारखंच घरबसल्या! फरक एवढाच की काशीबाईंच्या पानावर जी होती ती स्वतःच्या शब्दांत बोलत होती. वाचून केलेला प्रवास कमी प्रतीचा असतो असं कुणी म्हणालं तर आम्ही काशीबाईंकडे बोट दाखवतो.

आता आमच्या लाडक्या लेखकाकडे. पु. लं.चं 'अपूर्वाई' १९६० चं, 'पूर्वरंग' १९६३ चं. ती वाचून मराठी मध्यमवर्गाने लंडन, पॅरिस आणि जपान पाहिलं. सुखाने पाहिलं. विनोदाचा रोख बहुतेक वेळा स्वतःकडे असल्याने परका माणूस दुखावला जात नाही; हा मोठाच सद्गुण. तरी खरं सांगायचं तर 'अपूर्वाई' संपवून वाचक जसा गेला तसाच परत येतो, फक्त जास्त खूश होऊन. गिरगाव-पार्ले पिशवीत घालून नेलेलं असतं, तेच पिशवीतून परत येतं. हे विहाराचं उत्तम पुस्तक आहे.

पण त्याच लेखकाचं 'वंगचित्रे' वाचा. पन्नाशी गाठलेला, महाराष्ट्रभर डोक्यावर घेतलेला हा माणूस बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहतो. तिथे तो विद्यार्थी आहे. उच्चार चुकतील, दुसरा दुरुस्त करील, ही तयारी ठेवून गेलेला. शिकाऊ माणसाला मालक होता येत नाही. आमच्या मते पु. लं.चा सर्वांत लांबचा प्रवास पॅरिसचा नव्हे, हा बंगालचा. नकाशावर तो जवळ दिसतो इतकंच. वाचकांनी मात्र 'अपूर्वाई'ला डोक्यावर घेतलं आणि 'वंगचित्रे' शेल्फवर ठेवलं. यात लेखकाचा दोष नाही, आपला आहे.

मीना प्रभूंचंही थोडं. व्यवसायाने डॉक्टर होत्या, वास्तव्य लंडनला होतं. 'माझं लंडन', 'दक्षिणरंग', 'चिनी माती', 'तुर्कनामा', 'गाथा इराणी', अशी किती तरी जाडजूड पुस्तकं त्यांनी दिली. कधी कधी माहितीचं ओझं इतकं होतं की वाचकाला हमाल झाल्यासारखं वाटतं, ही आमची तक्रार आहे. पण त्या एकट्या हिंडतात, वाट विचारतात, भाषा येत नसताना अनोळखी बायकांशी बोलू पाहतात. आमच्या ओळखीच्या एक भगिनी ही पुस्तकं वाचून पहिल्यांदा एकट्या प्रवासाला निघाल्या. कुठे? गणपतीपुळ्याला. हसू नका. त्यांच्या दृष्टीने ते इराणच होतं.

आणि आपल्या घरचा लेखक राहून कसा चालेल! नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, 'सुबोध बायबल'चे कर्ते. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले. त्यांचं 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' हे पुस्तक आमच्या विषयाच्या गाभ्याशी येतं. वसईतल्या श्रद्धावंत ख्रिस्ती माणसाने जेरुसलेम, नाझरेथ, गालिली लहानपणापासून वाचलेलंच असतं. न जाता तो तिथला असतो. अशा ठिकाणी प्रत्यक्ष जाणं फार अवघड, कारण वाचलेलं डोळ्यांपुढे उभं राहतं आणि समोरचं दिसू देत नाही. फादरांनी शीर्षकातच भक्तियात्रा न म्हणता संघर्षयात्रा म्हटलं. आजचे इस्रायली आणि पॅलेस्टिनी माणसांचे तंटे, त्यांची दुःखं त्यांनी ग्रंथातल्या पवित्र भूमीवर मांडून ठेवली. श्रद्धेने वाचलेली भूमी डोळ्यांनी पुन्हा वाचायला धैर्य लागतं.

आमच्यात ते धैर्य नव्हतं. सहासष्टाव्या वर्षी लेकीकडे लंडनला गेलो. पहिले चार दिवस आम्ही थेम्सच्या काठावर पु. ल. शोधत होतो. कुठल्याही वळणावर आम्हाला पुढचं वाक्य पाठ. शेवटी लेक म्हणाली, ''बाबा, तुम्ही बघताय ते साठ सालचं आहे. आत्ताचं बघा ना.'' मग एका दुपारी पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपलला भाजी घ्यायला गेलो. दुकानदार सिल्हेटचा. आमच्याच वयाचा. तोडक्यामोडक्या हिंदीत बोलणं झालं. त्याने विचारलं, तुमचं गाव समुद्राकाठी का? म्हटलं, हो. तो म्हणाला, आमचं पाण्यातच. दर पावसाळ्यात घर सोडायचं, परत यायचं. लंडनला आलो तेव्हाही वाटलं, पावसाळा सरला की परत जाऊ. सगळे हसलो, आणि मग कुणीच हसलं नाही. चाळीस वर्षं लंडन वाचत होतो आम्ही. हा माणूस आमच्या एकाही पानावर आलेला नव्हता. दोष पुस्तकांचा नव्हे. १९६० चं पुस्तक पुढचं कसं सांगणार? दोष असा की वाचलं म्हणजे पाहिलं, असा आम्ही हिशेब मिटवून टाकला होता.

आता शेवटचं, आणि आम्हाला सर्वांत जवळचं. आतापर्यंत आपण वाचक होतो, जग पानावर होतं. एकदा उलटं करून पाहू. वसई पानावर आहे, आणि वाचणारा परदेशी आहे.

१६९५ साली जेमेल्ली कारेरी नावाचा एक इटालियन जगाची फेरी करत वसईला आला. त्याने लिहिलेलं १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये उतरून घेतलेलं आहे. आम्ही तिथेच पहिल्यांदा वाचलं. कोटाचा घेर तीन मैल, रस्ते रुंद आणि सरळ, उत्तरेकडचा तिसरा हिस्सा साथीमुळे ओस. आणि कोटाबाहेर पंधरा मैल बागाच बागा! माड, आंबे, ऊस. ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू शेतकरी त्या पिकवतात, यंत्रांनी पाणी देऊन सदा हिरव्या ठेवतात. साथीच्या दिवसांत, उन्हाळ्यात, शहरातले बडे लोक तिथल्या बंगल्यांत हवा खायला जातात.

वाचून आम्ही हरखलो. आपली वाडी, तीनशे वर्षांपूर्वी, युरोपातल्या पुस्तकात! ती यंत्रं म्हणजे आपले रहाटच असणार. आम्ही त्या उताऱ्याचा मराठी कागद करून शेजारच्या वाडीवाल्या काकांना वाचून दाखवला. काका नव्वदीच्या घरातले, केळी आणि पानवेलीत आयुष्य गेलेले. ते आपल्या बोलीत बोलले, आम्ही प्रमाण भाषेत सांगतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''सर, रहाट कोण हाकीत होता, ते लिहिलंय का?''

आम्ही पुन्हा कागद पाहिला. म्हटलं, ''लिहिलंय. ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू.''

''तो झाला धर्म. माणूस कोण?''

आमच्याकडे उत्तर नव्हतं. काका पुढे म्हणाले, ''मी दहाव्या वर्षापासून हाकला. पहाटे उठून. झोप यायची. रहाट थांबला की आवाज थांबायचा, आणि आवाज थांबला की घरातून बाप ओरडायचा. त्या गोऱ्याला आवाज ऐकू आला नाही काय?''

मित्रहो, कारेरीवर याहून चांगली समीक्षा आम्ही वाचलेली नाही. बाग दिसली, आवाज ऐकू आला नाही. प्रवाशाने वर्गवारी केली, विचारपूस केली नाही. आणि आम्ही? तीस वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहिलो. कोनिग्सबर्गच्या तत्त्वज्ञाचा दिनक्रम आम्हाला पाठ होता. शेजारचा माणूस दहाव्या वर्षी रहाटावर डुलक्या घेत होता, हे त्या दिवशी कळलं. तेही एका इटालियन माणसाच्या पुस्तकामुळे! हाच तर वाचनाचा चमत्कार आहे. नेपल्सचा माणूस सोळाशे पंचाण्णव साली वसईला आला, आणि त्याने आम्हाला वसईतल्याच शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

कान्ट एके ठिकाणी म्हणतो की कोनिग्सबर्गसारख्या बंदराच्या, व्यापाराच्या, विद्यापीठाच्या शहरात राहून प्रवास न करताही माणसांचं आणि जगाचं ज्ञान वाढवता येतं. आपलं सोपारा तर पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत नोंदलेलं बंदर. आज बंदर गाळाने बुजलं, पण विरार गाडी भरून रोज माणसं येतातच. उत्तर प्रदेशची, केरळची, कोकणातली, गुजरातची. गाडीत आपण पुस्तकात इराण वाचत असतो आणि कोपर लागत असतं गोरखपूरच्या माणसाचं. पुस्तक जरूर वाचा. आम्ही अजून वाचतो, आणि पूल आला की अजूनही बाली आठवते. मात्र पुस्तक मिटल्यावर त्या कोपराच्या मालकाला एकदा विचारा, गाव कुठलं? पुस्तकाने शिकवलेला प्रश्न पुस्तकाबाहेर विचारला तरच तो प्रवास पुरा होतो.

काका आता नाहीत. रहाटाचा आवाजही आमच्या आळीत उरलेला नाही. तो उतारा मात्र आमच्या टेबलाच्या खणात आहे. कागदाच्या समासात आम्ही त्यांचं वाक्य लिहून ठेवलं आहे. सोपाऱ्याच्या दगडावरचा राजा म्हणतो तो जास्तीचा आनंद कुठला, हे आम्हाला कळलं ते त्या समासात.

 आता तुम्ही बोला, आम्ही ऐकतो.